जन्मतः हात लुळा पडलेलं बाळ: घरी घ्यायची काळजी

प्रसूतीत डोकं बाहेर येऊन खांदा अडकला, की मान एका बाजूला ताणली जाते आणि मानेतून हातात उतरणाऱ्या पाच नसांच्या जाळ्याला ओढ बसते. वरच्या दोनच नसा दुखावल्या तर हात अंगालगत सरळ पडून राहतो, तळवा मागे वळलेला. पण मूठ वळते. मूठही वळत नसेल, त्याच बाजूची पापणी उतरली असेल आणि बाहुली बारीक दिसत असेल, तर इजा मोठी आहे. अशा बाळाला पहिल्या महिन्यातच या नसांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. श्वास जोरजोरात चालत असेल तर मात्र लगेच दवाखाना. श्वासपटलाची नसही मानेतूनच येते.

व्यायामाआधी गळपट्टीचं किंवा दंडाचं हाड मोडलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. मोडलं असेल तर ते जुळेपर्यंत थांबायचं.

बाळाला काखेत हात घालून कधीच उचलू नका. एक हात डोकं-मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बाही गोळा करून मनगटाच्या बाजूने आपली बोटं आत घाला, बाळाचा पंजा धरून ठेवा आणि बाही वर सरकवा. ओढायची ती बाही, हात नव्हे. दूध पाजताना हात पाठीमागे लोंबकळू देऊ नका. हात अंगाला बांधून ठेवायचा सल्ला अजूनही ऐकू येतो. आठवडेच्या आठवडे तसं ठेवलं तर सांधा आखडतो.

व्यायाम कधी सुरू करायचा ते फिजिओथेरपिस्ट सांगतील, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करून बघा. लंगोट बदलताना केला की विसरायला होत नाही. सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार असा: कोपर बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा, एका हाताने खांदा वरून अलगद दाबून धरा, दुसऱ्याने बाळाचा पुढचा हात सावकाश बाहेरच्या बाजूला फिरवा, काही सेकंद थांबा. हात आत ओढणारे स्नायू चालू आणि बाहेर फिरवणारे बंद, अशी ही एकतर्फी रस्सीखेच असते. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीतून मागे सरकतो. दुसऱ्या हाताशी रोज तुलना करा. गेल्या आठवड्यापेक्षा हात कमी फिरतोय असं वाटलं तर जोर लावू नका, खांद्याची सोनोग्राफी करायची का ते विचारा. एक्स-रेत या वयातला कूर्चेचा गोळा दिसत नाही. मग कोपर, मनगट, बोटं आणि अंगठाही सगळ्या दिशांनी हलवा.

नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणून खांदा-कोपर आधी सुधारतात, बोटं फार उशिरा. दर 15 दिवसांनी मिनिटभराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक वेळी एकाच स्थितीत. त्यात बघायचं एकच: बाळ कोपर स्वतः वाकवून हात तोंडाकडे नेतं का? तीन महिने होऊनही नेत नसेल तर शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञांशी बोला. नसांची शस्त्रक्रिया सहसा 3 ते 9 महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण नसेविना पडून राहिलेला स्नायू वाळत जातो. ‘वर्षभर वाट पाहू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हाताला संवेदना कमी असेल तर पाणी गरम लागलं तरी बाळ रडणार नाही. दात आल्यावर ते स्वतःचीच बोटं चावून जखमा करू शकतं. रोज बोटांच्या बेचक्या उघडून बघा.