विद्यापीठात मुलांसोबत काम करणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी : या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, मुलांच्या उन्हाळी जलतरण शिबिराला दोन दिवस उरले असताना, माझ्या टेबलावर बावीस जणांच्या चारित्र्य पडताळणीची फाईल आली. तिच्यात नऊ प्रमाणपत्रे होती, आठ अर्जांच्या नुसत्या पावत्या होत्या, चार दाखले गावोगावच्या पोलीस पाटलांचे होते, आणि उरलेल्या एका पानावर ‘ओळखीचे आहेत’ एवढाच पेन्सिलीने मारलेला शेरा होता. शिबिर घेणारी संस्था कोल्हापुरातलीच होती आणि कारभार नीटनेटका म्हणावा अशी होती. कुणाच्या मनात काही वाईटही नव्हते. फाईल भरली म्हणजे पडताळणी झाली, असा सर्वांचाच प्रामाणिक समज होता. त्यानंतर अशा अनेक फायली पाहिल्या आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळल्या.

‘हा नियम शाळांचा आहे’

ही सर्वांत जुनी चूक आहे आणि तिला थोडा आधारही आहे. बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचाही समावेश होता. हा निर्णय शाळांना उद्देशून असल्यामुळे विद्यापीठे व महाविद्यालये निर्धास्त राहिली. परंतु पडताळणीचे बंधन त्याआधीचे आणि अधिक व्यापक आहे. पोक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा; ९ मार्च २०२० पासून लागू झालेल्या त्याच्या नियमांतील नियम ३ नुसार, मुलांना निवासी ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या कोणत्याही संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो, क्रीडा प्रबोधिनी असो वा मुलांसाठीची अन्य सुविधा असो, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी व पूर्वचारित्र्याची तपासणी करणे आवश्यक आहे. हा कर्मचारी अध्यापक असो वा अध्यापकेतर, कायम असो वा कंत्राटी, नियम त्यात फरक करत नाही.

पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. महाविद्यालयाला जोडलेल्या अकरावी-बारावीच्या वर्गांतील मुले, दहावीनंतर पदविकेला आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले आणि जुलैमध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेणारे, अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी असलेले कित्येक विद्यार्थी या व्याख्येत बसतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये येथे मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग उभे केले आणि पाठोपाठ अनेक समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातली मुले शिक्षणासाठी घराबाहेर राहतात ही इथली इतकी जुनी आणि सवयीची गोष्ट आहे की, त्या मुलांभोवती वावरणारी मोठी माणसे कोण, हा प्रश्न विचारायचेच राहून जाते.

यादी पगारपत्रकावरून करू नका

बहुतेक कार्यालये यादी करताना आस्थापना विभागाचे पगारपत्रक समोर ठेवतात, आणि खरी चूक इथेच होते. त्या यादीत ग्रंथपाल असतात, कुलसचिव कार्यालयातील लिपिक असतात, ज्यांची मुलांशी वर्षभरात एकदाही गाठ पडत नाही अशी वीस नावे असतात. मात्र पोहण्याच्या तलावावरचा प्रशिक्षक मानधनावर असतो, सुरक्षारक्षक ठेकेदाराचा असतो, खानावळ चालवणाऱ्याने स्वतः दोन पोरे ठेवलेली असतात आणि बस भाड्याची असते. यांपैकी कोणाचेच नाव पगारपत्रकात सापडत नाही.

यादी करण्याची सोपी रीत म्हणजे एका मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणणे. बारा वर्षांची एक मुलगी जलतरण शिबिराला येते. तिला घरून कोण आणतो, फाटकावर नोंद कोण करतो, कपडे बदलण्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, पाण्यात तिला हात धरून कोण शिकवतो, पाय मुरगळला तर तिला कोण उचलतो, नाश्ता कोण देतो, संध्याकाळी बस चुकली तर तिच्याजवळ कोण थांबतो? या प्रश्नांची उत्तरे हीच तुमची यादी. आम्ही अशी यादी केली तेव्हा पगारपत्रकातली अकरा नावे गळाली आणि नवी चौदा आली. त्यांत किल्ली सांभाळणारे गृहस्थही होते, ज्यांना तोवर कोणीही ‘कर्मचारी’ मानले नव्हते.

विद्यार्थी स्वयंसेवकही या यादीत यायला हवेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गावातल्या शाळेत असते, बी.एड.चे छात्राध्यापक आठवडेच्या आठवडे वर्गात असतात. ते वेतनावर नसले तरी मुलांच्या दृष्टीने ते ‘सर’ आणि ‘मॅडम’च असतात. ठेकेदाराच्या माणसांबाबत करारातच अट घालावी आणि बदली माणूस पडताळणीशिवाय पाठवता येणार नाही, हेही त्यात लिहावे. कारण ज्याची पडताळणी झालेली असते नेमका तोच यात्रेला गावी जातो आणि त्याच्या जागी त्याचा मेव्हणा येतो.

दाखला, पावती आणि प्रमाणपत्र

पोलीस पाटील, सरपंच किंवा प्राचार्य यांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला ही एका व्यक्तीने दिलेली ग्वाही आहे. पोलिसांच्या नोंदींशी तिचा संबंध नसतो. याउलट टोकाची चूक म्हणजे पासपोर्ट सेवेतून मिळणारे पोलीस प्रमाणपत्र आणणे. ते परदेशातील नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ व्हिसासाठी असते. आपल्याला हवी असते ती महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करून मिळणारी चारित्र्य पडताळणी. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे अर्जात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय निवडावे लागते.

पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे सांगावे लागू नये, पण लागते. पावतीवर माणूस कामावर घ्यायचीच वेळ आली, तर प्रमाणपत्र येईपर्यंत त्याला मुलांसोबत एकटे सोडू नये आणि तसा लेखी आदेश काढावा.

अर्ज अडकतो तो कुठे

नावात अडकतो. एका स्वयंपाक्याच्या आधारकार्डावर ‘बाळू’ होते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ आणि बँकेच्या पासबुकावर ‘बी. डी.’. तिन्ही कागद खरे, माणूस एकच, तरी अर्ज दोनदा परत आला. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे नेहमी घडते. अर्जातले नाव सोबत जोडलेल्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे, आणि माहेरचे नाव किंवा रूढ नाव वेगळे असेल तर ते लपवू नये, कारण जुनी नोंद जुन्याच नावावर असते.

हद्दीत अडकतो. पाचगाव, कळंबा, उचगाव या वस्त्या शहराला इतक्या लागून आहेत की तिथले लोक पत्ता सांगताना सर्रास ‘कोल्हापूर’ म्हणतात, पण ती ग्रामपंचायतीची गावे आहेत. पिनकोडवरून पोलीस ठाणे ठरवू नये. जवळच्या ठाण्यात विचारून घ्यावे. शिवाय कायमचा पत्ता राधानगरी तालुक्यातला आणि राहणे शहरातल्या राजारामपुरीत असेल, तर दोन्ही पत्ते आणि राहण्याचा कालावधी स्पष्ट लिहावा. उमेदवार मागची चार वर्षे पुण्यात राहिलेला असेल, तर तिथला पत्ताही मागावा.

मोबाईल क्रमांकात अडकतो, आणि हे कारण लवकर लक्षात येत नाही. अनेकजण अर्ज सेवा केंद्रातून भरतात, तिथला चालक घाईत आपलाच क्रमांक टाकतो, मग पोलीस ठाण्यातून फोन येतो तो त्या चालकाला. ‘महिना झाला, काहीच कळत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर आधी अर्जावर कोणाचा क्रमांक आहे ते बघावे. संस्थेच्या पत्रातही ‘नोकरीकरिता’ एवढेच मोघम न लिहिता पद आणि मुलांशी संपर्क येणारे काम असल्याचे नमूद करावे.

‘नोंद नाही’ आणि ‘नोंद आहे’

नोंद आढळली नाही, याचा अर्थ पोलिसांपर्यंत काही आलेले नाही, एवढाच. आधीच्या संस्थेने गाजावाजा नको म्हणून राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले असेल, तर कागद कोराच राहणार. वास्तविक पोक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीविरुद्धची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही मिटवामिटवी होते. म्हणून मागच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करावा. ‘माणूस कसा आहे?’ असे विचारले की ‘चांगला आहे’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘मुलांसोबतच्या कामावर तुम्ही त्यांना परत घ्याल का?’ असे विचारावे आणि समोरच्याने उत्तराआधी किती वेळ घेतला, तेही ऐकावे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २०१८ पासून आहे, मात्र ती फक्त तपास यंत्रणांना खुली आहे. विद्यापीठाने ती पाहिल्याचे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या जिल्ह्यात ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचा किंवा टोलविरोधी आंदोलनातला गुन्हा अंगावर असलेली माणसे कमी नाहीत. असा गुन्हा आणि बालकाविरुद्धचा गुन्हा एकाच मापाने मोजणे ही चूकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंह प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले की, उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, पण क्षुल्लक स्वरूपाचे प्रकरण दडवले गेले असेल तर नियुक्ती करणारा ते माफ करू शकतो. आणि माहिती खरी दिली असली तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. म्हणून गुन्ह्याचे स्वरूप, काळ आणि कामाशी संबंध पाहून, संबंधिताचे म्हणणे ऐकून, तिघांच्या समितीने कारणांसह लेखी निर्णय द्यावा. बालकाविरुद्धच्या गुन्ह्यात प्रकरण न्यायप्रविष्ट असले, तरी निकालापर्यंत मुलांपासून दूरचे काम द्यावे.

ही प्रमाणपत्रे विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. ती बंद पाकिटात, एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावीत. नियमांत ‘ठरावीक काळाने’ एवढेच म्हटले आहे, वर्षे दिलेली नाहीत. ती संस्थेने ठरवावीत. मी तीन वर्षे सुचवतो, आणि मध्ये दरवर्षी स्वयंघोषणापत्र.

त्या शिबिराचे काय झाले, तर पावत्यांवरच्या आठ जणांना नोंदणी आणि मंडपाचे काम दिले, चार दाखले परत केले आणि पेन्सिलीचा शेरा असलेल्या प्रशिक्षकांना त्या वर्षी पाण्यात उतरू दिले नाही. ते बरेच रागावले. त्यांचे प्रमाणपत्र शिबिर संपल्यावर आले, त्यात काहीही आक्षेपार्ह नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज फेब्रुवारीतच केला.