दुधाळ ऑइल आणि बुजलेला ब्रीदर

गगनबावड्याहून येताना भर पावसात ओढ्यात जीप घातली होती. आठवड्यानं पुढच्या डिफरन्शियलचा (ॲक्सलवरच्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा) बोल्ट खोलला, तर चहासारखं दुधाळ ऑइल. पाणी शिरलेलं. आधी सीलवरच, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावरच संशय घेतला, पण बाहेरून ते कोरडं ठाक. मग ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची छोटी तोटी) काढून फुंकला, हवाच जाईना! चिखलानं पार बुजलेला. गरम ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते; ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं.

एक मनापासून सांगतो, ऑइल भरायचा वरचा बोल्ट सुटतोय का ते आधी बघा, मगच खालचा खोला. वरचा अडकला तर रिकाम्या डिफरन्शियलवर गाडी जागेवरच.

ऑइल रात्रभर निथळू दिलं. थोडं नवं घालून, जॅकवर चाकं फिरवून तेही काढलं. मग ८०-९० नंबरचं गिअर ऑइल, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. ब्रीदरच्या जागी उद्यमनगरातून आणलेला निपल बसवला, त्याला रबरी नळी जोडून तोंड बोनेटखाली उंच बांधलं.

त्यानंतर राधानगरीच्या वाटेवर दोनदा पाणी लागलं. काल बोल्ट खोलून पाहिला, ऑइल मधासारखं स्वच्छ.