कुत्र्याला कुशिंग झालाय? कॅप्सूलच्या आधी ताटली बघा

कुत्र्याला कुशिंग आहे असं कळलं की चार दिवसांत आठ सल्ले मिळतात. फार पाणी पितोय, भांडं उचलून ठेवा. पोट सुटलंय, जंताचं औषध द्या. केस गेलेत, खोबरेल चोळा. म्हातारा झालाय हो, आता काय करता. आमच्या घरी पहिल्यांदा कुशिंग आला तेव्हा हे सगळं ऐकलं. आता जुळे सोलापुरातले, होटगी रोडचे ओळखीचे लोक आपापल्या कुत्र्यांचे रिपोर्ट घेऊन विचारायला येतात, तेव्हाही तेच कानावर पडतं. म्हणून इथे रोज हाताने जे करावं लागतं तेवढंच सांगतो. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, त्याबद्दल मला विचारू नका.

आजार थोडक्यात असा: मूत्रपिंडांजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवत राहतात. साधारण 80 ते 85 टक्के कुत्र्यांत याचं मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीत असतं, बाकीच्यांत अ‍ॅड्रिनलवरच गाठ असते. कुत्रा बहुधा मध्यम वय ओलांडलेला असतो. पाणी फार, लघवी फार, भूक राक्षसासारखी, पोट लोंबतं, बसल्या जागी धापा टाकतो, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होतात.

जुन्या औषधांची पिशवी उपसा

कुशिंगचा एक प्रकार गाठीतून येत नाही, औषधातून येतो. खाज सुटली की दर महिन्याला टोचून घेतलेलं इंजेक्शन, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कानातले थेंब, मलमं यांत स्टेरॉइड असू शकतं. वर्षभराच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं डॉक्टरांपुढे ओता. घरात कुणी स्वतःच्या हातापायाला स्टेरॉइडचं मलम लावत असेल आणि कुत्रा ते चाटत असेल, तर तेही सांगा. या प्रकाराला कुशिंगची कॅप्सूल लागत नाही, ते स्टेरॉइड हळूहळू उतरवत बंद करावं लागतं. एका दिवसात बंद केलंत तर कुत्रा कोसळू शकतो, कारण बाहेरून आयतं मिळत असताना त्याच्या स्वतःच्या ग्रंथींनी काम सोडलेलं असतं.

पाणी मोजा, तोडू नका

सकाळी ठरल्या वेळी मापाच्या भांड्याने पाणी भरा, दिवसभर जितकं वाढवाल तितकं लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. तीन दिवस करा आणि सरासरी काढा. एका किलो वजनामागे 24 तासांत 100 मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते जास्त आहे. म्हणजे 10 किलोचा कुत्रा दिवसाला 1 लिटरच्या वर पीत असेल तर डॉक्टरांना आकडा सांगा. ‘लई पितो’ असं सांगून त्यांना काही कळत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, धडधाकट कुत्राही जास्त पितो. तेव्हा कुलरच्या खोलीत ठेवून मोजा. बादलीतून, कुंडीच्या बशीतून, बाथरूममधून चोरून प्यायलेलं पाणी मापात येत नाही, म्हणून ती तीन दिवस दारं लावून ठेवा.

आता पाणी तोडण्याबद्दल. रात्री भांडं उचलून ठेवलं की घरात मुतत नाही, हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात वाईट आहे. हा कुत्रा जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाही. त्याच्या शरीरात पाणी धरून ठेवलंच जात नाही, म्हणून तो पितो. पाणी काढून घेतलंत तरी लघवी चालूच राहते आणि अंगातलं पाणी आटतं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे आणखी एक कळशी भरून ठेवणं जिवावर येतं हे मलाही कळतं. तरी ती भरा, आणि कुत्र्याचीच म्हणून वेगळी ठेवा.

तपासणीचा दिवस

सकाळची पहिली लघवी घरीच, लांब दांड्याच्या पळीत धरा आणि स्वच्छ बाटलीतून न्या. कॉर्टिसॉलसाठीची लघवी तर घरचीच हवी, कारण दवाखान्याच्या भीतीनेही कॉर्टिसॉल वाढतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचून कॉर्टिसॉल दबतं का ते बघतात, त्या तपासणीत सुरुवातीला, 4 तासांनी आणि 8 तासांनी असं रक्त घेतात. म्हणजे अख्खा दिवस जातो, सुट्टी टाका. कुत्र्याला त्या वेळी दुसरा काही आजार, उलट्या किंवा मोठी जखम असेल तर तपासणी पुढे ढकला, नाहीतर रिपोर्ट खोटाच कुशिंग दाखवू शकतो. आणि रक्ताच्या रिपोर्टात नुसतं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलंय म्हणून औषध सुरू करून घेऊ नका. लक्षणं नसलेल्या कुत्र्याला घाईने कॅप्सूल देण्यात काही शहाणपण नाही.

ताटली आधी, कॅप्सूल नंतर

मला सगळ्यात जड गेला तो हा टप्पा, आणि लोकांचे कुत्रे अडचणीत येतात तेही इथेच.

औषध बहुतेक वेळा ट्रायलोस्टेन असतं. ते कॉर्टिसॉल बनण्याची क्रिया अडवतं. हे रोजचं औषध आहे, जन्मभराचं आहे, आणि ते पोटात अन्न असतानाच नीट शोषलं जातं. म्हणून सकाळी खाण्याबरोबर द्यायचं. दोन वेळा सांगितलं असेल तर दोन्ही वेळा खाण्याबरोबर. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. पण बरेच जण कॅप्सूल पहिल्या घासात लपवून देतात, आणि मग कुत्रा उरलेलं खात नाही. झालं, औषध पोटात गेलं आणि आता ते बाहेर काढता येत नाही. माझ्या घरात क्रम ठरलेला आहे: आधी अर्धी ताटली. ती नेहमीसारखी चाटूनपुसून संपली, तरच उरलेल्या अर्ध्यातल्या एका घासात कॅप्सूल. ताटलीजवळ येऊन हुंगला आणि फिरला, तर त्या दिवशी कॅप्सूल डबीतच राहते आणि मी डॉक्टरांना फोन करतो.

इतकी कडक शिस्त कशासाठी? औषध जास्त झालं तर कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली जातं. कॉर्टिसॉल जास्त असण्याने कुत्रा महिनोन् महिने खंगतो. एकदम कमी होण्याने तो काही तासांत जमिनीवर येऊ शकतो. सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं, आणि पोटॅशियम चढलं की हृदयावर येतं. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते: खायला नको म्हणणं.

आणि इथेच गंमत अशी की उपचाराचा फायदा म्हणूनसुद्धा भूक कमी होते. कुशिंगचा कुत्रा कचऱ्याचा डबा पाडतो, भाकरीची दुरडी ओढतो, ताटली अंगणभर ढकलत नेतो. औषध लागू पडलं की हे थांबतं. घरचे खूश होतात, ‘बघा, शहाणा झाला’ म्हणतात. मग तो आणखी शहाणा होतो, अर्धं खातो, आणि तेही बरं झाल्याचंच लक्षण धरून लोक कॅप्सूल देत राहतात. दोन्हींतला फरक ओळखायला शिकणं हाच या आजारातला खरा अभ्यास आहे.

मी फरक असा करतो. वेळ झाली की कुत्रा स्वतः उठून ताटलीकडे येतो, सगळं खातो, पण नंतर मागत फिरत नाही, आडवा होऊन झोपतो आणि साखळीचा आवाज झाला की उठतो: ही सुधारणा. हाक मारल्यावर उशिरा येतो, हुंगतो, रोजचं सोडतो आणि हातातलं चिकनच तेवढं घेतो: इथे मी थांबतो. बिस्किट खाल्लं म्हणजे भूक आहे असं धरू नका, बिस्किट तर आजारी कुत्राही खातो. त्यात उलटी, जुलाब, थरथर, मागचे पाय लटपटणं, कोपऱ्यात जाऊन पडून राहणं यांतलं एक जरी आलं, तर फोनवर थांबायचं नाही. कॅप्सूल बंद आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ‘हा ट्रायलोस्टेनवर आहे’ हे असलं पाहिजे, कारण नुसत्या उलट्या-जुलाब सांगितल्या तर सोलापुरातच काय, कुठेही आधी पोटाचंच औषध मिळेल. सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. औषधाचं नाव, डोस आणि कधी सुरू केलं याची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी नेणाऱ्याला सांगता येईल.

लोक घाबरून विचारतात, एक दिवस औषध चुकलं तर? चुकलेल्या दिवशी फार तर पाणी जरा जास्त पिईल. न खाल्लेल्या कुत्र्याला औषध देण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं. मात्र दुसऱ्या दिवशी दोन कॅप्सूल देऊन भरपाई करू नका. उपचार चालू असलेला कुत्रा थोडा हावराच राहिलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. अगदी संन्याशासारखा वागणारा कुत्रा मला बघवत नाही.

सणावाराला हाच नियम. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या दारूकामाचे आवाज सुरू झाले किंवा दिवाळीत गल्लीत लडी लागल्या की भित्रा कुत्रा पलंगाखाली जातो आणि जेवत नाही. कारण कळलंय म्हणून ‘आज घाबरलाय, बाकी ठीक आहे’ असं म्हणत कॅप्सूल तोंडात कोंबू नका. जेवला नाही, औषध नाही. त्या दिवसांत कॅप्सूलची वेळ सकाळी शांत असताना ठेवा.

सुरुवातीच्या काही दिवसांत आणखी एक गोष्ट होते. कॉर्टिसॉल सूज आणि दुखणं दाबून ठेवत असतं. ते खाली आलं की झाकलेला संधिवात वर येतो, कुत्रा लंगडतो, किंवा जुनी खाज परत सुटते. ते औषधाने बिघडलं नाही, आधीपासून होतं. त्याबद्दल डॉक्टरांना वेगळं सांगा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीच नको.

कालनिर्णयच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहा: पाणी किती, ताटली पूर्ण की अर्धी, कॅप्सूल दिली की नाही. बाकी डायऱ्या कुणी पाळत नाही.

फेरतपासणी: उपाशीपोटी नेऊ नका

औषध सुरू झाल्यावर 10 ते 14 दिवसांनी, मग 4 आणि 12 आठवड्यांनी, पुढे साधारण दर 3 महिन्यांनी तपासणी असते. आपल्याकडे रक्त द्यायचं म्हणजे उपाशी जायचं हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक कुत्र्यालाही उपाशी आणि औषध न देता नेतात. ती तपासणी आणि ते पैसे वाया. एसीटीएच तपासणीत इंजेक्शन देऊन अ‍ॅड्रिनल ग्रंथी किती कॉर्टिसॉल बनवतात ते बघतात. तिच्यासाठी त्या सकाळी रोजच्यासारखं खाऊ घालून कॅप्सूल द्यायची, वेळ लिहायची आणि 4 ते 6 तासांत तपासणी सुरू व्हावी अशा बेताने पोचायचं. त्याचं इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी हाताशी असतंच असं नाही, तेव्हा आधी फोन करा. पुण्याला न्यायचं असेल तर 250 किलोमीटरचा हिशेब करून कॅप्सूलची वेळ डॉक्टरांशी आदल्या दिवशीच ठरवा.

डोस बदलला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

बाकीचं

खाणं कमी चरबीचं ठेवा, कारण या कुत्र्यांना स्वादुपिंडाच्या सुजेचा धोका असतो. कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, थोडा भात, उकडलेला दुधी चालतो. कोरडी भाकरी थोडी चालेल. शेंगाचटणी, तळण, मटणाचा रस्सा नाही. कांदा-लसूण कुठल्याच कुत्र्याला नाही.

अंथरुणाला महागड्या गाद्या घेऊ नका, त्या लघवीने कुजतात. आपल्या गावात टेरी टॉवेल बनतात. डागाळलेला, दोष असलेला माल स्वस्तात मिळाला तर गठ्ठाच आणा, एक भिजला की दुसरा अंथरा.

कातडी पातळ झालेली असते, खरचटलं तरी लवकर भरत नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, पुरळ किंवा वास आला तर दाखवा. तेल चोळू नका. पाणी पिणं काही आठवड्यांत उतरतं, केसांना मात्र महिने लागतात, आणि नवे येण्याआधी जुने आणखी गळतात. उन्हाळ्यात फिरणं सूर्य उगवायच्या आत नाहीतर रात्री. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला दुपारी सात रस्ता चौकापर्यंतसुद्धा चालवू नका.

लघवीला जळजळ किंवा रक्त, अचानक वाढलेली तहान, भिंतीकडे बघत उभं राहणं, गोल गोल फिरणं हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दात काढायचे असोत की गाठ, भूल देण्याआधी कुशिंगचं औषध चालू असल्याचं सांगा. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही, काहींचं ट्रायलोस्टेनशी जमत नाही आणि पोटॅशियम वाढतं.

कॅप्सूल उघडून पावडर अंदाजाने वाटू नका. डोस जमत नसेल तर कमी ताकदीची मागवा. ती 5 आणि 10 मिलिग्रॅमचीही बनते. घरात गरोदर बाई असेल किंवा कुणाला दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असेल तर तिने या कॅप्सूलला हात लावू नये. बाकीच्यांनी दिल्यावर हात धुवावेत. आणि नवी मागवायची ती डबीत पंधरा दिवसांचा साठा उरलेला असताना, कारण प्रत्येक दुकानात हे औषध ठेवलेलं नसतं.