निबंधात गाव आणा, पण कामाला लावा

आमच्या लाखांदूरकडच्या अभ्यासिकेत दर रविवारी पोट्ट्यांचे निबंध तपासायचं काम माझ्याकडं आहे. पहिल्या दोन ओळींतच कळतं, कोणाच्या नोट्स वाचून आलाय ते. 'प्राचीन काळापासून मानव हा...' दिसलं की मी तिथंच लाल रेघ मारतो.

आधी व्यवहाराचं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा. तीन तासांत दोन निबंध, दोन विभागांतून एकेक, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथंही निबंधाला २५० गुण आहेत. दोन्हीकडे मराठीतून लिहिता येतं.

एका निबंधाला दीड तास. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं कच्च्या पानावर घालवा. शेजारच्यानं पान उलटलं की आपल्या पोट्ट्यांचा जीव खालीवर होतो. होऊ द्या. कच्च्या पानावर एकच काम करायचं: विषय जे म्हणतो ते खरं आहे का, कधी खरं, कधी खोटं, हे स्वतःशी भांडून घ्यायचं.

मागं मी विषय दिला होता: 'जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही.' बहुतेकांनी प्रदूषण, एसटी स्टँडवरचा कचरा, गंगा, भ्रष्टाचार, ओझोन असं सगळं एकेका ओळीत उरकलं. तो निबंध नाही, यादी झाली. वीस उदाहरणांपेक्षा दोन घ्या आणि ती पुरती पिळा.

आपल्या भंडारा जिल्ह्यात बसून हा विषय लिहिताना माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा जमीनदार), म्हणजे आपले मामा तलाव, आठवू नयेत याचं मला नवल वाटतं. धानाची बांधी त्याच पाण्यावर पिकली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले. पुढं कितीक तलावांत गाळ साचला, बेशरमीची झुडपं माजली. एका पोरीनं एवढं लिहून 'म्हणून विधान खरे ठरते' असा शेवट केला. मी तिला विचारलं, बाई, तलाव 'सर्वांचा' झाला कधी? आधी मालगुजाराचा होता, मग सरकारचा झाला. गाव तेव्हाही फक्त पाणी घेणारं होतं अन् आताही तेच. ती गप्प बसली, मग म्हणाली, "मंग विषयच चुकीचा आहे जी!" तिचा निबंध खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

दुसरं उदाहरण तिनंच शोधलं, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे ग्रामसभा सहमतीनं ठरवते. जंगल सर्वांचं आहे आणि टिकूनही आहे, कारण नियम गावानं केले आणि राखणही गावच करतं. म्हणजे प्रश्न मालकी किती जणांची हा नाही, नियम कोणाचे हा आहे. ही एक ओळ हाती लागली की समजा निबंध उभा राहिला.

विचारवंत यानंतर आणावेत. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरण उजाड होतं असं मांडलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी लोक आपसात नियम करून असं कुरण सांभाळतात हे दाखवलं, त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन वाक्यांत आटपा. उदाहरण आधी आलं असलं तर ही नावं अंगाला लागतात, नाहीतर चिकटवल्यासारखी दिसतात. आणि गांधीजींच्या नावावर वाटेल ते वाक्य खपवू नका. आठवत नसेल तर आपल्या शब्दांत लिहा.

आता विरुद्ध बाजू. मेंढा-लेखाला जमलं म्हणून हवेच्या बाबतीत जमेल का? हवेला शीव नाही, ग्रामसभा नाही. इथं राज्य लागतं, देशांमधले करार लागतात. हा परिच्छेद टाळणारे फार. मला तर तोच आधी वाचावासा वाटतो.

भाषेचं थोडक्यात. 'पाणी म्हणजे जीवन' लिहू नका. 'मालगुजार गेला, तलाव राहिला. पण पाळ फुटली तर धावायचं कोणी, हा प्रश्न मागेच राहिला' असं लिहा. अक्षर सुटसुटीत ठेवा. निबंधात ठळक मथळे, बाण, चौकटी नकोत. ते सामान्य अध्ययनाच्या पेपरात चालतं.

लिहून झालं की घरी कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. रोवणीवरून आलेली आई मधेच "मंग काय झालं?" म्हणाली तर तो परिच्छेद चालला. तिनं विषय बदलून भाजीचं विचारलं, तर तो परिच्छेद काढा.

येत्या रविवारचा विषय: 'वाघ वाचला तर जंगल वाचतं.' नागझिरा अभयारण्याच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांनी हा सोपा समजू नये. विरुद्ध बाजू तुमच्याच घरात बसलेली आहे, तिला आधी विचारा.