घराचा विमा: या चुका टाळा, मग मला फोन करा

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या हॉलमध्ये शिरलं. त्या आठवड्यात घराच्या विम्यासाठी मला जेवढे फोन आले, तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत आले नव्हते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, आता पॉलिसी निघते का?" निघते ना, पण पुढच्या पुरासाठी. झालेल्या नुकसानीसाठी नाही.

विमा काढणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे रक्कम. धरमपेठेत फ्लॅट एक कोटीचा, म्हणून विमाही एक कोटीचा हवा, असं हट्टाने सांगणारे लोक भेटतात. अहो, त्या कोटीत जमिनीचा मोठा वाटा असतो, आणि जमीन ना जळते ना वाहून जाते. विमा असतो बांधकाम पुन्हा उभं करायच्या खर्चाचा. कार्पेट एरिया 900 चौरस फूट आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,000 रुपये धरला, तर हिशोब 18 लाखांचा. दर मात्र ओळखीच्या ठेकेदाराला विचारून धरा, बिल्डरच्या माहितीपत्रकातून उचलू नका. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख. म्हणजे वरच्या उदाहरणात 3 लाख 60 हजार. तेवढ्यात तुमचं मॉड्युलर किचन, दोन एसी आणि सागवानी दिवाण बसतो का, ते बघा. नसेल बसत, तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने या आपोआपच्या रकमेत धरूच नका, ते वेगळे लिहून घ्यावे लागतात.

"बँकेने काढलाय की विमा," हेही रोज ऐकतो. बँकेच्या कर्जासोबत जे चिकटवतात ते पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचं संरक्षण असतं, भिंतींचं नाही. कागद मागा. पहिल्या पानावर मालमत्तेचा पत्ता नसेल, तर तो घराचा विमा नाही.

नुसत्या चोरीचा क्लेम मूळ पॉलिसीत बसत नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्या. भिंतीतली जुनी ओल आणि गळती म्हणजे देखभालीचं दुर्लक्ष, त्याचे पैसे कोणी देत नाही. वर एक खोली चढवली? कंपनीला कळवा. भाड्याने राहता? नुसत्या सामानाचा विमा मिळतो, आणि हे फारच कमी लोकांना माहीत आहे.

नागपूरच्या मे महिन्यात कूलरची मोटर जळणं म्हणजे घरोघरची गोष्ट. शॉर्टसर्किटने कूलर जळाला तर कूलरचे पैसे मिळत नाहीत. त्याच आगीत पडदे, सोफा, भिंत गेली तर त्यांचे मिळतात. हे सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात. नियम मी केला नाही बाप्पा.

आता ज्या चुकीने माझं डोकं उठतं ती. माझा मावसभाऊ डागा लेआउटला राहतो. पॉलिसी होती, मीच मागे लागून काढायला लावली होती. त्या पुरात घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं. दुपारी पाणी उतरल्याबरोबर पठ्ठ्याने दोन मजूर लावून घर धुऊन काढलं. गाद्या, सोफा, लाकडी कपाट रस्त्यावर टाकलं, ते महापालिकेच्या गाडीने उचलून नेलं. चौथ्या दिवशी मला फोन. म्हणे, "तलाठ्याचा पंचनामा झालाय, क्लेम टाकून दे." पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर वेगळा, आणि तो आला तेव्हा घराला फिनाइलचा वास. फ्रिज आणि भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली, तेवढं मंजूर झालं. गाद्या आणि सोफ्याचा ना फोटो, ना बिल. वहिनी म्हणाली, चिखलात कसं राहायचं? तिचंही बरोबर होतं. पण झाडू हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं फोन हातात घ्यायचा होता.

मी सांगतो ते असं. आधी कंपनीला कळवा आणि क्लेमचा क्रमांक लिहून घ्या. मग प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, भिंतीवरच्या रेघेला मोजायची टेप लावून फोटो. मशीनचे मॉडेल क्रमांक टिपा. फेकावंच लागलं तर गादीचा एक तुकडा कापून ठेवा. लोक हसतात, हसू द्या. ओला टीव्ही चालतो का हे बघायला बटण तर मुळीच दाबू नका. आणि क्लेम अडवलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, नाहीच जमलं तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या लिहून काही होत नाही.

मावसभाऊ आता दर दिवाळीच्या साफसफाईला घराचा व्हिडिओ काढतो. वहिनी एकेक कपाट उघडते, तो मागे उभा राहून शूट करतो आणि मला पाठवतो. मागच्या वेळी त्यात गच्चीवरचा कूलरही होता, ताडपत्रीत गुंडाळलेला.