सॅटिन टाक्याने पान भरताय? आधी या चुका टाळा

सॅटिन टाका म्हणजे भरतकामात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी घातलेले सपाट टाके. उशीच्या अभ्र्यावर मी त्याने पहिलं पान भरलं तेव्हा आईने ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं आणि म्हणाली, "पान आहे की भेंडी?" तर पानाची भेंडी कशी होते ते सांगते.

सगळ्यात जास्त घोळ कडेचा होतो. छापलेल्या रेघेवर आपण डायरेक्ट भरायला घेतो, मग एक टाका रेघेच्या आत, एक बाहेर आणि कड दिसते करवतीसारखी. आधी रेघेवर दोऱ्याच्या एका पदराने बारीक उलटी टीप (पुढे जाऊन मागे येत घातलेले सलग टाके) घालून घ्या. मग भरताना सुई त्या टिपेला अगदी चिकटून बाहेरच्या अंगाने वर काढायची आणि समोरच्या बाजूला पण तशीच टिपेच्या बाहेर खाली घालायची, म्हणजे टीप आत झाकली जाते, कड सरळ येते आणि वर थोडा उठावही मिळतो. मला हे उगाच डबल काम वाटायचं, म्हणून तर भेंडी झाली.

सुरुवात टोकापासून करू नका. टोकाला टाके इतके छोटे असतात की तिरकेपणा कळतच नाही, आणि पानाच्या मध्यावर येईस्तोवर ते हळूहळू आडवे पडलेले असतात. पान जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे पहिला तिरका टाका घाला, तिथून टोकापर्यंत जा, मग परत मधे येऊन देठाकडे. पेन्सिलने आधीच तीन-चार तिरक्या रेघा मारून ठेवल्या तर अजून सोपं.

टाका साधारण 1 सेंमीपेक्षा लांब नको, सैल पडतो आणि उशीवर असेल तर कानातलं अडकून वर येतो. मोठं पान असेल तर मधली शीर सोडून दोन्ही बाजू वेगळ्या भरा.

लडीचा दोरा सहा पदरी असतो, सगळे पदर ओवायचे नाहीत, दोन बस. तेही एकेक पदर वेगळा ओढून मग जोडीला घ्यायचे, नाहीतर पीळ राहतो आणि टाके शेजारी शेजारी सपाट बसत नाहीत. मधेच पीळ पडला की सुई खाली लोंबकळत सोडा, आपोआप सुटतो.

कापड चुण्या पडून गोळा होतंय? रिंगमधे (कापड ताणून धरणाऱ्या दुहेरी गोल कड्यात) कापड सैल आहे किंवा तुम्ही दोरा खेचताय. रिंगच्या आतल्या कड्याला जुन्या सुती ओढणीची पट्टी गुंडाळा, कापड सरकत नाही. गाठ मारू नका, वरून टेंगूळ दिसतं. जिथे भरायचंय तिथेच दोन-तीन धावदोऱ्याचे टाके घालून सुरू करा.

आणि आईने उलटं करून काय पाहिलं? दोरा वाचवायला मी ज्या कडेला सुई खाली घातली तिथूनच परत वर काढत होते, त्यामुळे मागे नुसते ठिपके आणि पुढचे टाके हललेले. दोरा मागून पूर्ण फिरून पहिल्या कडेलाच यायला हवा, मागची बाजू पण पुढच्यासारखीच भरलेली दिसते. उसवायचं झालंच तर मागून कापा, ओढत बसू नका. शेवटी जाड टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करा, सरळ वरून फिरवली तर उठाव चेपतो.