वराहपालनात सॉल्व्हर कसा वापरायचा: खुराक, कप्पे आणि विक्रीचा हिशोब

डुकरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा पैसा कुठं जातो, उत्तर एकच, खुराक. एकूण खर्चातला साधारण 65-70 टक्के भाग खुराकात जातो, आणि तरी मिश्रण मात्र बहुतेक शेडवर अंदाजानेच होतं. कधीतरी कुणीतरी सांगितलेलं प्रमाण धरायचं आणि मका महाग होवो, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) उतरो, पाटीने तेच मोजून टाकत राहायचं. सोलापूर, मोहोळ, बार्शी साइडला मका, ज्वारी, कोंडा, डाळ मिलची चुनी असं सगळं मिळतं आणि भाव सारखे हलत असतात, म्हणून इथं तर हा हिशोब करायलाच पाहिजे असं माझं मत आहे.

या हिशोबाला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात, नावाला घाबरू नका, एक्सेलमधलं सॉल्व्हर नावाचं साधन तो करून देतं. हातात जे आहे त्यात, अटी पाळून, सगळ्यात स्वस्त किंवा सगळ्यात फायद्याचं काय ते गणिताने काढायचं, बस. याची सुरुवात माणसांच्या जेवणापासून झाली. 1945 मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने 77 पदार्थांतून 9 पोषकतत्त्वं भागवणारा वर्षभराचा सगळ्यात स्वस्त आहार कुठला असा प्रश्न मांडला, आणि 1947 मध्ये जॉर्ज डान्झिगची असले प्रश्न सोडवायची सिंप्लेक्स पद्धत आल्यावर 9 माणसांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर बसून तो सोडवला, त्याला 120 मनुष्यदिवस लागले. तेच काम आता लॅपटॉपवर एका सेकंदात होतं आणि मोठ्या पशुखाद्य कंपन्या रोज करतात, मग 16 माद्यांच्या शेडने का करू नये?

पण आधी वजन. वजनाशिवाय पुढचं सगळं हवेत. काटा नसेल तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3 म्हणजे किलो. घेर 1.05 आणि लांबी 1.10 असेल तर जवळपास 84 किलो. जनावर सरळ उभं आणि मान खाली न घातलेलं पाहिजे, नाहीतर लांबी चुकते, म्हणून खुराक टाकायच्या आधी एकाने थोपवून धरायचं आणि दुसऱ्याने टेप लावायची. दर पंधरा दिवसाला प्रत्येक कप्प्यातली तीन-चार जनावरं मोजली तरी वाढीचा आकडा हातात येतो. सोबत त्या कप्प्यात खुराकाची किती पोती गेली ते भिंतीवर खडूने लिहा, रात्री वहीत उतरवा.

आता खुराक. एक्सेल उघडा आणि ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समधून सॉल्व्हर चालू करा. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यातपण सॉल्व्हर आहे. आडव्या ओळीत एकेक माल, उभ्या रकान्यात भाव, प्रथिनं, लायसिन (प्रथिनांतलं एक अमिनो ॲसिड), ऊर्जा. समजा मका 24 रुपये किलो (प्रथिनं 9 टक्के, लायसिन 0.25, ऊर्जा 3400 किलोकॅलरी), गव्हाचा कोंडा 22 (15, 0.6, 2300), सोया डीओसी 45 (45, 2.8, 3300). भाव मी उदाहरणाला धरलेत, तुम्ही आजचे टाका, आणि मालाचे टक्केसुद्धा लॅबचा रिपोर्ट असेल तर त्यातलेच घ्या. 100 किलोत अडीच किलो मिनरल मिक्सचर आणि मीठ पक्कं, उरले 97.5, तिन्ही मालांची बेरीज तेवढीच ठेवा. वाढीच्या वयातल्या डुकरांसाठी अटी अशा: प्रथिनं किमान 18 टक्के, लायसिन किमान 0.9, ऊर्जा किलोला किमान 3100. सॉल्व्हरला सांगा की एकूण खर्च कमीत कमी कर, बदलायचे रकाने म्हणजे प्रत्येक मालाचे किलो, पद्धत सिंप्लेक्स एलपी, आणि सोडवा म्हणा.

उत्तर येतं मका 56.7, कोंडा 17.4, सोया 23.4 किलो, मिनरल सोडून खर्च 2797 रुपयांच्या आसपास. अंदाजाने 60 मका, 10 कोंडा, 27.5 सोया घातलं असतं तर 2897 झाले असते, म्हणजे किलोमागे एक रुपया फरक. एक डुक्कर 20 किलोपासून 90 किलोपर्यंत जायला 245 किलोच्या पुढेमागे खातं, त्यामुळे हा सगळा खुराक असाच बसवला तर जनावरामागे साधारण अडीचशे रुपये, तेपण वाढीत काही कमी न करता. (मोठ्या जनावरांना प्रथिनं आणि लायसिन कमी लागतं, त्यांचं वेगळं शीट करा.)

मला स्वतःला या उत्तरापेक्षा त्याच्या मागचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट जास्त मोलाचा वाटतो आणि बहुतेक जण तोच उघडत नाहीत. त्यात प्रत्येक अटीसमोर शॅडो प्राइस लिहिलेली असते, म्हणजे ती अट जराशी घट्ट केली तर खर्च किती वाढेल. वरच्या उदाहरणात प्रथिनांच्या अटीची शॅडो प्राइस शून्य येते, कारण प्रथिनं आपोआप 18.2 टक्के झालीत, अडतंय ते लायसिन आणि ऊर्जेवर. लायसिनचा आकडा बघा, 10 ग्रॅम लायसिनला 8 रुपये 41 पैसे, म्हणजे सोयातून येणारं लायसिन आपल्याला किलोला 841 रुपयांना पडतंय! मग बाजारात मिळणारी लायसिन पावडर, जिच्यात साधारण 78 टक्के लायसिन असतं, तिचा भाव विचारा, ती सहाशे रुपयांच्या आत मिळत असेल तर शीटमध्ये तिची ओळ घालून परत सोडवा. थोडी पावडर घातली की लगेच 18 टक्के प्रथिनांची अट आडवी येईल, तिथं कळतं की डुकराला मुळात प्रथिनांचा टक्का नको असतो, त्याला अमिनो ॲसिडं हवी असतात. ती अट 16 पर्यंत सैल करता येते, फक्त मग मेथिओनिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन या बाकीच्या अमिनो ॲसिडांचे रकाने वाढवा आणि पशुवैद्यकाला शीट दाखवून घ्या, एकट्याने ठरवू नका.

ज्वारीचंही असंच. ज्वारीची ओळ घाला (प्रथिनं 9.5, लायसिन 0.22, ऊर्जा 3300, भाव समजा 28), सॉल्व्हर तिला शून्य किलो देईल आणि रिड्यूस्ड कॉस्टच्या रकान्यात 4.70 दाखवेल. अर्थ सरळ आहे, मका 24 असताना ज्वारी 23 रुपये 30 पैशांच्या खाली आली तरच घ्यायची, मग मार्केट यार्डात उभं राहून फोनवर भाव ऐकला की हो किंवा नाही लगेच सांगता येतं. लिब्रेऑफिसमध्ये असा रिपोर्ट मिळाला नाही तर अट 0.90 ची 0.91 करून परत सोडवा, खर्चातला फरक म्हणजेच शॅडो प्राइस.

सॉल्व्हर फक्त भाव बघतो, त्याला आजार कळत नाही, हे मात्र पक्कं डोक्यात ठेवा. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते, शीट तिला आनंदाने उचलेल, पण बुरशीच्या विषाने माद्या माजावर यायच्या गडबडतात आणि गाभण राहत नाहीत, म्हणून बुरशीच्या मालाची कमाल मर्यादा शून्य ठेवा. हॉटेल आणि मंगल कार्यालयाचं खरकटं तर फुकटच, त्यामुळे ते पूर्ण कोटा खाऊन टाकेल. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फिव्हर आपल्या देशात आहे, त्यावर उपचार नाही आणि तो खरकट्यातल्या डुकराच्या मांसातून येऊ शकतो. खरकटं द्यायचंच असेल तर मांस वेगळं काढून, किमान अर्धा तास खळखळ उकळून, आणि उकळायचं जळण, मजुरी, गाडीभाडं त्याच्या भावात धरूनच शीटमध्ये टाका. एवढं केलं की ते फुकट राहत नाही, मग तुलना खरी होते.

दुसरा भाग कप्प्यांचा. मादी 114 दिवस गाभण, समजा 49 दिवसांनी पिल्लं आईपासून तोडली, त्यानंतर साधारण 5 दिवसांत ती परत माजावर येते, बेरीज 168 म्हणजे बरोबर 8 गुणिले 21. म्हणून 16 माद्या असतील तर दोन-दोनच्या 8 बॅच करा आणि दर 21 दिवसांनी एक बॅच फळवा. 21 च का, तर माजाचं चक्र 21 दिवसांचं असतं, एखादी गाभण न राहता उलटली तर ती नेमकी पुढच्या बॅचसोबत परत माजावर येते आणि वेळापत्रक मोडत नाही. कप्पे किती लागतील ते लिटलच्या नियमाने काढा, जॉन लिटलने 1961 मध्ये तो सिद्ध केला: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले राहण्याचा काळ. मादी व्यायच्या 7 दिवस आधी कप्प्यात, 49 दिवस पिल्लांसोबत, 4 दिवस धुणं आणि चुना, झाले 60. भागिले 21 म्हणजे 2.86, वर धरून 3 बॅच, म्हणजे व्यायचे 6 कप्पे.

आता पिल्लं 28 दिवसांनी तोडली तर? चक्र 147 म्हणजे 7 गुणिले 21, कप्प्यात 39 दिवस, 2 बॅच, 4 कप्पे. म्हणजे 14 माद्या आणि 4 कप्प्यांतून दर 21 दिवसांना तेवढीच दोन वेतं मिळतात जेवढी 16 माद्या आणि 6 कप्प्यांतून मिळायची. दोन माद्यांचा वर्षाचा खुराक आणि दोन कप्प्यांचं बांधकाम एका बाजूला, आणि लहान पिल्लांचा महाग स्टार्टर खुराक, ऊब, स्वच्छता, जास्तीची मर दुसऱ्या बाजूला, मांडा आणि बघा. ज्यांच्याकडे रात्री लाइट जाते आणि इन्व्हर्टर नाही त्यांनी 28 दिवसांच्या मागे लागू नये असं मला वाटतं.

सोलापूरचं ऊन या गणितात आलंच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, डुकराला नीट घाम येत नाही, ते खाणं कमी करतं. समजा अडीच किलो खाणारं डुक्कर 2.1 वर आलं, त्याला दिवसाला 20 ग्रॅम लायसिन लागायचं, मग 0.8 टक्क्याऐवजी खुराकात 0.95 पाहिजे. म्हणून उन्हाळ्याचं शीट वेगळं ठेवा, लायसिन वर, कोंडा कमी, कारण जास्त तंतू पचवताना अंगात उष्णता वाढते. फळवण्याचंही बघा. बॅचला दोन माद्या गाभण हव्यात म्हणून तीन फळवल्या आणि एकेकीची गाभण राहायची शक्यता 80 टक्के धरली तर किमान दोन राहण्याची शक्यता 90 टक्के. उन्हात एकेकीची शक्यता 60 टक्के झाली तर किमान दोनची शक्यता 65 वर येते. चार फळवल्या तर 82, पण मग तीन किंवा चारही व्यायची शक्यता जवळपास निम्मी, त्यामुळे एखादा जादा कप्पा मोकळा ठेवावा लागतो. फॉगर (पाण्याचे तुषार उडवणारं यंत्र) आणि ओलं पोतं लावून ती 60 ची 70 करता आली तर ते बहुतेक वेळा जादा मादीपेक्षा स्वस्त पडतं.

विकायचं कधी, इथं बरेच जण वजनाच्या मोहात थांबतात. समजा जिवंत भाव 140 आणि खुराक 28 रुपये किलो. 80 किलोचं डुक्कर दिवसाला 600 ग्रॅम वाढतं, 84 रुपये, खातं 2.4 किलो, 67 रुपये, हातात 17. 95 किलोला 550 ग्रॅम आणि 2.7 किलो, म्हणजे 77 वजा 75.60, हातात दीड रुपयासुद्धा नाही. 105 ला रोज 14 रुपये खिशातून. कप्पा रिकामाच राहणार असेल तर 95 पर्यंत थांबा. पण पुढची बॅच दारात उभी असेल तर हिशोब बदलतो, तेव्हा रोजचा फायदा आपल्या पूर्ण चक्राच्या सरासरी रोजच्या फायद्याच्या खाली गेला की विकायचं. ती सरासरी 10 रुपये असेल तर 87 किलोच्या आसपासच गाडी बोलवा. भाव 140 चा 160 झाला की हे सगळे आकडे हलतात, म्हणून व्यापाऱ्याचा फोन आला की आधी भाव शीटमध्ये टाका, मग हो म्हणा.

म्हातारी मादी कधी काढायची याचंही गणित याच धर्तीचं आहे. डेन्मार्क आणि स्पेनमध्ये मार्कोव्ह मॉडेलवर (आजच्या स्थितीवरून पुढच्या स्थितीच्या शक्यता काढायचं गणित) यासाठी बरंच काम झालंय, पण 16 माद्यांना तेवढं लागत नाही. प्रत्येक मादीच्या पुढच्या वेतात जगणारी पिल्लं किती असतील, तिच्या मागच्या दोन वेतांवरून अंदाज घ्या, गाभण राहायच्या शक्यतेने गुणा, आणि पहिलारूच्या (पहिल्यांदाच व्यायला येणाऱ्या मादीच्या) तशाच आकड्याशी ताडून बघा. हे करताना पहिलारूचं पहिलं वेत धरून थांबू नका, ते लहानच असतं, तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढतं, म्हणून तिची पहिल्या चार वेतांची सरासरी घ्या आणि तिला वाढवायचा खर्च वजा म्हातारीच्या विक्रीचे पैसे त्या चार वेतांवर वाटून टाका.